सात मार्चची सही

जया सबनीस आल्या त्या एक रिकामं पाकीट दोन्ही हातांत धरूनच आल्या. खुर्चीवर बसल्या तरी त्यांनी ते टेबलावर ठेवलं नाही.

उत्कर्षा चित्रेचं ऑफिस सिंगापुरातल्या क्वीन्सटाउनच्या एका जुन्या ब्लॉकमध्ये, तळमजल्यावर आहे. एका बाजूला चष्म्याचं दुकान, दुसऱ्या बाजूला कपडे अल्टर करून देणारी एक चिनी आजी. पंधरा वर्षं जहाजांच्या विम्याचे दावे तपासून झाल्यावर उत्कर्षाने खाजगी तपासाचा परवाना काढला आणि इथे पाटी लावली. त्या सोमवारी, एकोणीस मार्च २०१८ रोजी, तिचा मावसभाऊ सुबोधही तिथे होता. सुबोध आयटी मॅनेजर. साठलेली रजा संपवा, असा कंपनीने हुकूम काढलेला. आणि बुकित पंजांगच्या घरात बायकोच्या कामात लुडबुडण्यापेक्षा ताईकडे बसावं, असा त्याने सुज्ञ विचार केला होता.

"पाकिटात काय होतं?" उत्कर्षाने विचारलं.

"माझ्या नवऱ्याची अब्रू," जया म्हणाल्या. मग ते बोलणं स्वतःलाच जड वाटून त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं, "माफीपत्र होतं. सेंट ओरेलच्या गव्हर्नर-जनरलनी सही केलेलं."

सुबोधने फोनवर नकाशा उघडला. पॅसिफिकमधला तो ठिपका सापडायला त्याला बराच वेळ लागला.

"एवढ्याशा देशाला गव्हर्नर-जनरल?"

"आहे ना. स्वतंत्र झाले, पण इंग्लंडची राणी त्यांनी ठेवून घेतली. ती काही तिथे राहत नाही. म्हणून तिच्या नावाने सह्या करायला त्यांच्यातलाच एक माणूस नेमतात. शिक्षा माफ करायचा अधिकार त्याचा." जयांना हे सगळं पाठ होतं. नऊ वर्षं त्यांनी दुसरं काही वाचलंच नसावं.

त्यांचे यजमान श्रीराम सबनीस 'तारामती' नावाच्या मालवाहू जहाजावर चीफ इंजिनिअर होते. २००९ साली सेंट ओरेलच्या खाडीत जहाजातून काळं तेल सोडलं गेलं. मासे मेले, किनारा काळा झाला. ज्या वहीत तेलाची नोंद ठेवतात तिच्या त्या दिवसाच्या पानावर श्रीरामची सही होती. चौदा महिने ते तिथल्या तुरुंगात होते. सुटून आले तेव्हा हातात परवाना नव्हता आणि कोणतीही कंपनी दारात उभं करत नव्हती. तेव्हापासून ते बुकित बातोकच्या एका गोदामात जहाजाचे सुटे भाग मोजतात.

"पाच एप्रिलला मुंबईला परवान्याची सुनावणी आहे. मूळ माफीपत्र दाखवलं तर परवाना परत. एक कंपनी शेवटची एक फेरी द्यायला तयार आहे. साठीला आले हो ते. त्यांना पैशासाठी नाही जायचं. चीफच्या चार पट्ट्या खांद्यावर लावून एकदा जहाजावरून उतरायचंय, बस्स." जयांनी डोळे पुसले नाहीत, ते कोरडेच होते. "आणि काल पाडव्याला जेवणं झाली, आज सकाळी पाकीट उघडलं, तर आत काही नाही."

"माफीपत्र तुमच्या हातात कधी आलं?"

"सात मार्चला. ते गव्हर्नर-जनरल, सर टोबायस, हृदयाच्या ऑपरेशनसाठी इथे आलेत, एक तारखेपासून. सात तारखेला आम्हाला हॉस्पिटलमध्ये बोलावलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. कागद तिकडूनच शिक्का मारून आणलेला, फक्त सही राहिली होती. आमच्या समोर केली. हात थरथरत होता, तरी तारीखसुद्धा स्वतःच घातली."

उत्कर्षाने पाकीट मागून घेतलं. जाड, पिवळसर, वर हळद-कुंकवाची बोटं. भोवती लाल दोरा, आणि त्याचा सुबक फास: एक टोक ओढलं की सुटावा असा.

"हा दोरा तुम्ही बांधलात?"

"दोरा माझा. पण मी तीन गाठी मारल्या होत्या, सुटू नये म्हणून. आज बघते तर हे असं." त्यांनी फासाकडे बोट दाखवलं. "पाकीट होतं तिथेच होतं. देवाजवळच्या कप्प्यात. वरचं फूलही वर ठेवलेलं."

"चोराने फूल परत ठेवलं?" सुबोध म्हणाला. "भलताच सोवळा चोर."

उत्कर्षाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

*

सबनीसांचा फ्लॅट बाराव्या मजल्यावर. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर कपडे वाळत घालायच्या बांबूंसाठी लोखंडी नळ्या बसवलेल्या. काल त्यातल्याच एका बांबूवर गुढी उभी राहिली होती. आज तिथे टॉवेल होते. कडुनिंबाची पानं मात्र अजून नळीत अडकलेली.

श्रीराम सबनीस अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले होते. उंच, किंचित वाकलेले. आरोप कोणावरच करायची त्यांची तयारी नव्हती.

"काल बाहेरचे तीनच जण. सर टोबायस, त्यांच्या सेक्रेटरी मिस लोर्ना आणि आमचा धवल. धवल तेव्हा माझा सेकंड इंजिनिअर होता."

"त्या सहीचं काय झालं होतं, तुमच्या?" उत्कर्षाने विचारलं. "नऊ वर्षांपूर्वीच्या?"

श्रीरामनी आपल्या हातांकडे पाहिलं.

"मूर्खपणा. दुपारी मी चार्ज देऊन टाकला होता. नवा चीफ बोर्डावर आला होता, कागदोपत्री जहाज त्याचं झालं होतं. मला न्यायला येणारी बोट वादळामुळे आली नाही, म्हणून एक मुक्काम वाढला. तेवढ्यात त्याने तेल सोडलं. सकाळी मला म्हणाला, वहीचं पान राहिलंय, तुझ्याच वेळचं आहे, सही करून टाक. मी केली. इतकी वर्षं करत होतो, हाताला सवय होती." त्यांनी मान हलवली. "चार्ज दिल्यावर इंजिन रूममध्ये उभा असलो तरी मी तिथला कोणी नाही, हे मी पोरांना शिकवायचो. आणि स्वतः विसरलो. कोर्टाने सही बघितली. बरोबरच केलं."

"नवा चीफ?"

"वारला, दोन वर्षांत. हे सगळं धवलने पाहिलं होतं, पण तेव्हा घाबरला. तीन वर्षांपूर्वी त्याने प्रतिज्ञापत्र करून दिलं. त्याच्यावरच हा दयेचा अर्ज उभा राहिला."

"काल आतल्या खोलीत कोण कोण गेलं?"

याचं उत्तर जयांनी दिलं. "धवल आल्या आल्या देवाला नमस्कार करायला गेला, लगेच आला. जेवताना सरांना थकवा वाटला म्हणून ते आत पडले, वीसेक मिनिटं. लोर्नाबाई त्यांना गोळी द्यायला गेल्या, तेव्हा पाण्याचा ग्लास घेऊन मी बरोबर होते. दोघी एकदमच बाहेर आलो."

"सर अगदी सज्जन माणूस," श्रीराम म्हणाले. "निघताना माझा हात धरून म्हणाले, मिस्टर सबनीस, तुमचं एक काम माझ्याकडे राहिलंय. मी म्हटलं, सर, तुम्ही सगळं केलंत."

सबनीसांची मुलगी इरा सोफ्याच्या हातावर बसून ऐकत होती. वय सोळा. मराठी सगळं कळत होतं, बोलताना मात्र जिभेवर सिंगापुरी 'लाह'वालं इंग्रजी आधी यायचं.

"जेवताना काय बोलणं झालं, इरा?"

"ही वॉज सो नाइस, यू नो. गुढी बघून म्हणाले, हूज फ्लॅग इज धिस? आईने सांगितलं, न्यू इयरची, सनसेटला उतरवायची. मग त्यांनी त्यांची स्टोरी सांगितली. ही स्टार्टेड ॲज अ क्लार्क लाह, त्याच गव्हर्नमेंट हाउसमध्ये. लास्ट ब्रिटिश गव्हर्नर होता तेव्हा. फाइल्स बांधायचे आणि त्याची ती पिसांची हॅट उचलून द्यायचे."

"ध्वजाबद्दल काय म्हणाले?"

"गव्हर्नर बोटीत बसला, आणि बोट खडकांच्या बाहेर गेली की फ्लॅग डाउन. एका दिवसासाठी गेला तरी. अजून तसंच आहे. ते म्हणाले, सहा वर्षं मी त्या घरात राहतो, पण रिकामी काठी मी कधीच पाहिली नाही. कारण काठी रिकामी असते तेव्हा मी तिथे नसतो." इराला ते आवडलं होतं, हे दिसत होतं. "मी म्हटलं, सो नाऊ इट्स एम्प्टी, लाह? ते म्हणाले, येस, नाऊ इट इज एम्प्टी."

"मग?"

"मग नथिंग. ही जस्ट वेंट क्वाएट. श्रीखंड तसंच राहिलं, आई इतकी अपसेट. मग म्हणाले, थोडं पडतो."

*

धवल मंगळवारी दुपारी क्वीन्सटाउनच्या हॉकर सेंटरवर, खाण्याच्या गाळ्यांपाशी भेटला. पस्तिशीचा, आता एका जहाज कंपनीत किनाऱ्यावरच्या नोकरीत. समोरची कॉफी त्याने ढवळून ढवळून गार केली.

"तुम्हाला वाटतंय मी घेतलं," तो म्हणाला. "वाटणारच. माफीपत्र मुंबईला गेलं की माझं प्रतिज्ञापत्रही लोक वाचणार. मी गप्प बसलो होतो, हे माझ्या कंपनीला कळणार. नोकरी जाईल कदाचित."

"मग दिलंत कशाला प्रतिज्ञापत्र?" सुबोधने विचारलं.

"चीफसाबांना एकदा गोदामात पाहिलं. कार्डबोर्डच्या खोक्यांवर नंबर लिहीत होते. मला बघून त्यांनी चहा मागवला आणि माझ्या मुलाची चौकशी केली." धवलने गार कॉफी बाजूला सारली. "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

त्या संध्याकाळी दोघं मिस लोर्नाला भेटली. ऑर्चर्ड रोडजवळच्या सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये सर टोबायस विश्रांती घेत होते आणि खाली लॉबीत लोर्ना लॅपटॉप उघडून बसली होती. पन्नाशीची, नेटकी, दमलेली. संभाषण इंग्रजीत झालं.

"माफीपत्र मीच टाइप केलं, फेब्रुवारीत. शिक्काही मीच मारून घेतला. सर म्हणाले, फाइल घरी नेतो, पुन्हा वाचतो. नंतर मी रजेवर गेले. निघायच्या सकाळी सही करून निघाले असणार, तशी त्यांची पद्धतच आहे. मी इथे आले सोळा तारखेला."

"तुमचा या माफीला विरोध होता?"

"माझं मत कोणी विचारलं नाही. पण आमच्या मुख्य न्यायाधीशांना ती पसंत पडणार नाही, हे मला माहीत होतं. सबनीसांना शिक्षा त्यांनीच सुनावली होती." तिने लॅपटॉपकडे बोट दाखवलं. "आणि सध्या तेच हंगामी गव्हर्नर-जनरल आहेत. रोजचे कागद मी इथून त्यांनाच पाठवते."

"सर परत कधी जाणार?"

लोर्नाने सुस्कारा सोडला. "तेच तर. सहा आठवडे विमानात बसू नका, असं डॉक्टरांनी बजावलंय. एकतीस मार्चला त्यांची मुदत संपते, म्हणजे परत जातील ते साधे नागरिक म्हणूनच. आणि काल सकाळी उठून म्हणतात, लोर्ना, माझं तिकीट काढ, या आठवड्यातलं. कारण सांगत नाहीत. सतत कोटाचा खिसा चाचपत बसतात."

बाहेर रस्त्यावर आल्यावर सुबोधने आपला निकाल दिला.

"लोर्ना. त्या फासाला विसरू नकोस, ताई. ऑफिसात फाइल बांधतात तसा होता तो. आणि न्यायाधीश खूष."

"लोर्ना आत होती तेव्हा जयाताई शेजारी उभ्या होत्या."

"मग धवल."

"तीन गाठी, कुंकवाने चिकटलेल्या. नमस्काराला गेला आणि आला, एवढ्यात सुटतील?"

"म्हणजे उरले कोण?" सुबोध फुटपाथवर थांबला. "स्वतःच दिलेला कागद माणूस स्वतः कशाला चोरेल? काय बोलतेस तू."

उत्कर्षा एमआरटी स्टेशनच्या दिशेने चालायला लागली होती आणि तिचा चेहरा, एरवी एखादं प्रकरण सुटल्यावर खुलतो तसा, अजिबात खुलला नव्हता.

*

बुधवारी दुपारी तीन वाजता सर्व्हिस अपार्टमेंटच्या बैठकीत सगळे जमले. उत्कर्षानेच बोलावलं होतं. सबनीस नवरा-बायको एका कोचावर, इरा त्यांच्यामध्ये. धवल दारापाशी उभा. लोर्ना वही घेऊन. आणि खिडकीजवळच्या खुर्चीत सर टोबायस: अडुसष्ट वर्षांचे, पांढऱ्या कुरळ्या केसांचे, या उकाड्यातही कोट घातलेले.

उत्कर्षा इंग्रजीतच बोलली, सगळ्यांना समजावं म्हणून.

"या चोरीत मला पहिल्यापासून एक गोष्ट खटकली. चोर घाईत असतो. हा चोर घाईत नव्हता. त्याने गाठी सोडवल्या, कागद काढला, दोरा परत बांधला, फूल होतं तसं ठेवलं. त्याला त्या घराबद्दल आदर होता. एवढा वेळ त्या खोलीत एकच माणूस एकटा होता."

लोर्ना वहीत लिहीत होती.

"दुसरं म्हणजे तो फास. एक टोक ओढलं की सुटणारा. फाइली बांधणाऱ्याचा हात. इराने मला सांगितलं, तरुणपणी फाइली कोण बांधत होतं."

"पण का?" जया म्हणाल्या. त्यांनी सरांकडे पाहिलं नाही. "त्यांनीच तर दिलं होतं."

"हो. म्हणून मी 'कोण' सोडून 'का' शोधत बसले. धवलला भीती होती, पण त्याचं प्रतिज्ञापत्र सेंट ओरेलच्या फाइलमध्ये कधीच पोचलंय. माफीपत्र चोरून ते लपत नाही. लोर्नाबाईंना वाटतं, सर निघण्यापूर्वी सही तिकडेच झाली. म्हणजे त्यांच्या लेखी कागद चोख आहे. पण सही तिकडे झाली नाही. सात मार्चला झाली. इथे. सिंगापुरात."

लोर्नाच्या हातातली वही मिटली. बाकी कोणाला अजून उमगलं नव्हतं.

"मिस लोर्ना, एक मार्चपासून सेंट ओरेलचा गव्हर्नर-जनरल कोण आहे?"

"मुख्य न्यायाधीश," लोर्ना अगदी हळू म्हणाली. "विमानाने जमीन सोडली त्या क्षणापासून."

"आणि सात मार्चला हॉस्पिटलच्या पलंगावर कोण होतं?"

उत्तर खिडकीजवळून आलं.

"टोबायस वेल नावाचा एक आजारी म्हातारा," सर टोबायस म्हणाले. "ज्याला कोणाचीही, कसलीही शिक्षा माफ करता येत नव्हती."

श्रीराम सबनीसांनी डोळे मिटून घेतले. लोर्नानंतर हे सगळ्यात आधी त्यांनाच पोचलं.

"तुम्हीच मला किल्ली दिलीत, सबनीससाहेब," उत्कर्षा मराठीत म्हणाली. "चार्ज दिल्यावर तिथे उभा असलो तरी मी तिथला कोणी नाही. तुम्ही जी चूक केलीत तीच यांनी केली. सवयीच्या हाताने."

मग ती पुन्हा सगळ्यांकडे वळली. "पाडव्याला इराने विचारलं, आता तुमची काठी रिकामी आहे का? सर हो म्हणाले, आणि त्या क्षणी त्यांना कळलं. श्रीखंड तिथेच राहिलं. तो कागद मुंबईला गेला असता तर तिथून खात्री करायला गव्हर्नमेंट हाउसला विचारणा झाली असती. तिथे बसलेत हंगामी म्हणून तेच न्यायाधीश. सात मार्चची तारीख बघून ते काय म्हणाले असते? बनावट कागद. एका सहीपायी चौदा महिने आत गेलेला माणूस दुसऱ्या सहीपायी पुन्हा उभा राहिला असता."

सर टोबायसनी कोटाच्या आतल्या खिशातून घडी केलेला कागद काढला आणि गुडघ्यावर ठेवला.

"पाकीट नेलं नाही," ते म्हणाले. "त्याच्यावर तुमच्या देवाचा रंग होता. परत घ्यायचा हक्क मला फक्त माझ्या कागदाचा होता." त्यांनी जयांकडे पाहिलं. "मी तिथेच सांगायला हवं होतं, मॅडम. तुमच्या सणाच्या दिवशी, तुमच्या मुलीसमोर, मला लाज वाटली. वाटलं, गुपचूप घरी जावं, खरी सही करावी आणि पाठवून द्यावी. तुम्हाला कळायच्या आत. चोरी करणाऱ्याला असंच वाटत असेल."

"पण मग आता काय?" सुबोधने न राहवून विचारलं.

"एकतीस मार्चपर्यंत मी गव्हर्नर-जनरल आहे. फक्त त्या मातीवर पाय ठेवायला हवा."

"डॉक्टरांनी साफ सांगितलंय," लोर्ना म्हणाली. "सर, वाटेत काही झालं तर..."

श्रीराम सबनीस उठले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते सरळ उभे राहिले.

"नाही," ते म्हणाले. "सर, तुम्ही जाणार नाही. मला ती फेरी नको. नऊ वर्षं मी राहिलो तसाच राहीन. माझ्या नावासाठी कोणाचा जीव जायला नको."

जयांनी मान खाली घातली. त्यांना काय वाटतं ते कोणी विचारलंही नाही. इराने आईचा हात धरला.

सर टोबायसनी गुडघ्यावरचा कागद हातात घेतला.

"आमचे सगळे गव्हर्नर बाहेरून आले," ते मग म्हणाले. "पिसांची हॅट घालून आले, आमच्या लोकांना आत टाकलं, बाहेर काढलं, आणि बोटीत बसून गेले. मी त्यांच्या फाइली बांधल्या. नंतर त्याच खुर्चीत मी बसलो. सहा वर्षं फिती कापल्या, भाषणं वाचली. राणीच्या नावाने मी हजार सह्या केल्या असतील, आणि त्यातल्या बहुतेक दुसऱ्यांनी ठरवलेल्या. ही एकच माझी होती. पाच वेळा फाइल वाचून मी ती ठरवली होती." त्यांनी कागदाची घडी सरळ केली. "मिस्टर सबनीस, हे तुमच्या एकट्यासाठी नाही. ती खुर्ची कशासाठी होती, हे मला जायच्या आधी एकदा बघायचंय. तुम्ही मला अडवू नका."

श्रीराम पुढे झाले, वाकले, आणि आपल्याहून जेमतेम नऊ वर्षांनी मोठ्या असलेल्या त्या माणसाच्या पायांना हात लावला.

*

दोन एप्रिलला सोमवारी लोर्ना अपार्टमेंट सोडायला एकटीच सिंगापूरला परत आली. विमानतळावरून ती थेट सबनीसांच्या घरी गेली. उत्कर्षा आणि सुबोध तिथे आधीच येऊन बसले होते. जयांनी बोलावलं होतं.

लोर्नाने नवा कागद टेबलावर ठेवला. शिक्का तोच, सही तीच, थोडी जास्त वाकडी. तारीख एकोणतीस मार्च.

"विमानतळावरच केली," ती म्हणाली. "गव्हर्नमेंट हाउस टेकडीवर आहे, तिथला झेंडा धावपट्टीवरून दिसतो. सर गाडीत बसून थांबले. झेंडा पूर्ण वर जाऊ दे म्हणाले. मग पेन मागितलं."

"आणि ते?" श्रीरामनी विचारलं.

"तिथून हॉस्पिटल. आहेत. फार अशक्त आहेत, पण आहेत." लोर्नाने कागद जयांकडे सरकवला. "एकतीस तारखेला संध्याकाळी मुदत संपली. त्यांनी पलंग खिडकीशी सरकवायला लावला. झेंडा उतरला तेव्हा मी शेजारी होते. नव्या माणसाचा शपथविधी दुसऱ्या दिवशी, तोवर काठी मोकळीच होती. तिच्याकडे बघत म्हणाले, इतकी उंच असेल असं वाटलं नव्हतं."

जयांनी कागद पाकिटात घातला. दोरा गुंडाळून पहिली गाठ मारली, दुसरी मारली, तिसरी मारताना त्यांना इतक्या दिवसांचं रडू आलं. इरा उठून त्यांच्यामागे जाऊन उभी राहिली. "आई, ओके लाह," एवढंच ती म्हणाली, दोन-तीनदा.

सुबोधला कुठे बघावं कळेना, म्हणून तो स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला. पाडव्याला गुढी होती त्या नळीत आज पुन्हा बांबू लावलेला होता. त्याच्यावर नऊ वर्षं ट्रंकेत असलेला, आज सकाळीच धुतलेला एक पांढरा शर्ट वाळत घातला होता. खांद्यावरच्या पट्ट्या काढून कोणीतरी ओट्यावर कोरड्या फडक्यात ठेवल्या होत्या.